दुसरी हाक

माझ्या टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये कुणी पहिल्यांदा येऊन बसलं, की चहा विचारायच्या आधी मी त्याला एक सूचना देत असे. "आता खालून एक माणूस बोंब मारणार आहे. दचकू नका. कुठं आग लागली नाही, कोणी गेलं नाही. नुसती गाडी लागली आहे."

माझं बोलणं संपायच्या आत बसस्थानकाच्या फाटकाजवळून आवाज येई, "सर! ओ सर! मेडशी लागली!"

हा आवाज गजूभाऊंचा. फाटकाला टेकून त्यांची चहाची टपरी होती आणि त्यांच्या गळ्यापुढे बसस्थानकाचा भोंगा लाजत असे. आवाज आला की पलीकडच्या खोलीत खुर्ची सरके. सर गॅलरीत येत, मेडशीच्या गाडीकडे नीट पाहत, उजवा हात वर करत आणि पुन्हा आत जाऊन शिकवू लागत. गाडी आपल्या वाटेनं जाई, सर आपल्या फळ्याकडे. मी त्यांना त्या गाडीत चढताना कधी पाहिलं नव्हतं.

पाहुणा विचारी, "मग गाडी लागल्याचं यांना सांगायचं कशाला?"

मी म्हणे, "सांग म्हणून त्यांनीच सांगून ठेवलं आहे."

आमच्या मालेगावात, म्हणजे वाशीम जिल्ह्यातल्या मालेगावात, सर कॉम्प्युटरचा क्लास घेत. बसस्थानकासमोर बी-बियाण्याच्या दुकानावर दोन खोल्या होत्या. एकीत माझं टायपिंग, दुसरीत त्यांचं प्रोग्रामिंग. मध्ये प्लायवूडची भिंत होती. तिच्यातून वारा जात नसे, बाकी सगळं जाई. त्यामुळे सी शार्प नावाची भाषा मी फी न भरता शिकले. परीक्षा मात्र दिली नाही. तेवढी लाज मला होती.

सर उंच, किडकिडीत. शर्टाचं वरचं बटणसुद्धा लावलेलं. खांद्यावर बारा महिने पांढरा दुपट्टा. फळा पुसायला डस्टर आणलं की ते हरवत, म्हणून दुपट्ट्याच्या टोकानंच पुसत. शनिवारी त्या दुपट्ट्यावर आठवड्याचा सगळा अभ्यासक्रम निळ्या-लाल शाईत उतरलेला असे. मी एकदा म्हटलं, "सर, हा दुपट्टा धुऊ नका, पोरांना झेरॉक्स काढून द्या." ते गंभीरपणे म्हणाले, "ताई, त्यात चुका लय आहेत."

त्यांचा एक हट्ट होता. कुठलीही गोष्ट ते कुणाला दुसऱ्यांदा विचारत नसत. "इचारत राहणं ही माणसाची सगळ्यात मोठी फुकट मेहनत आहे," असं त्यांचं म्हणणं. चहा झाला का, गाडी आली का, दुकान उघडलं का, काही विचारायचं नाही. एकदा जाऊन सांगून ठेवायचं, की अमुक झालं की मला हाक मारा, आणि आपल्या कामाला लागायचं.

हे त्यांनी पोरांना कसं शिकवलं, ते मी प्लायवूडच्या फटीतून डोळ्यांनी पाहिलं आहे.

आमच्याकडे नळाचं पाणी रोज येत नाही. येईल त्या दिवशी येतं, येईल त्या वेळी येतं. त्या दिवशी नळाची पाळी होती. सरांनी शिकवायला सुरुवात केली आणि दोन वाक्यं होतात न होतात तोच एका पोराला म्हणाले, "जाय बरं खाली. नळ आला का, पाह्य."

पोरगा जाऊन आला. "नाही आला सर."

आणखी दोन वाक्यं. "आता तू जाय. नळ आला का?"

"नाही आला सर."

असं करत करत सगळी बॅच जिना चढून-उतरून धापा टाकू लागली. शेवटी एक पोरगी वैतागून म्हणाली, "सर, आज शिकवून राह्यले का व्यायाम घेऊन राह्यले?"

सरांचा चेहरा उजळला. कुणी चिडल्याशिवाय आपला धडा पोचला नाही असं ते समजत. "काहून? थकली? मंग काय करायचं सांग."

"खालच्या काकूले सांगून ठेवू ना, नळ आला की आवाज द्या म्हणून."

"सांगून ये. आणि आता सगळे सांगा, आवाज आला की कोण काय करणार?"

कुणी म्हणालं ड्रम भरणार. कुणी म्हणालं मोटर लावणार. एकजण म्हणाला, स्कूटी धुणार. सरांनी सगळ्यांची कामं फळ्यावर लिहिली आणि शेजारी एक चौकोन काढला. चौकोनात लिहिलं : वॉलमन. म्हणजे नगरपंचायतीचा व्हॉल्व्ह फिरवणारा माणूस.

"या वॉलमनले तुही स्कूटी माहीत आहे का?"

"नाही सर."

"हिचा ड्रम माहीत आहे?"

"नाही."

"मंग त्याले काय माहीत आहे?"

"पाणी सोडलं, एवढंच."

"बस! याले म्हणतात इव्हेंट. तो फक्त म्हणते, पाणी सोडलं. ज्यानं ज्यानं नाव जोडून ठेवलं, तो तो आपापलं काम करते. वॉलमन स्कूटी धुत बसला तर गावाले पाणी कोण सोडन?"

त्याच क्षणी खालून काकू ओरडल्या, "नळ आले वं!" आणि सगळा वर्ग सरांना तसाच सोडून जिन्यावरून धडधडत खाली गेला. माझा वर्गही गेला. खरं सांगायचं तर मीही गेले. माझीही एक टाकी होती. वर सर एकटे उभे राहिले आणि रिकाम्या बाकांकडे पाहून म्हणाले, "समजलं वाटते."

सी शार्पमधला डेलिगेट त्यांनी आणखी सोप्या रीतीनं शिकवला. फळ्यावर लिहिलं : एक चिठ्ठी जाईल, एक कप चहा येईल. "डेलिगेट म्हणजे कामाचा साचा. आत काय द्यायचं आणि बाहेर काय यायचं, एवढं ठरलेलं. त्या साच्यात जो बसते, त्याच्या हाती काम देऊन टाका. तो गोरा का काळा, आपल्याले काय करायचं?" आणि दारात जो दिसेल त्याच्या हातात चिठ्ठी देऊ लागले. माझ्या टायपिंगच्या पोरी गेल्या. मी गेले. एकदा वाशीमहून प्रिंटर दुरुस्त करायला आलेला मेकॅनिक चिठ्ठी घेऊन गेला आणि चहा घेऊन आल्यावर त्याच्या लक्षात आलं, की आपण इथं प्रिंटरसाठी आलो होतो.

आता एवढा हुशार माणूस, पण त्याच्या प्रोग्राममध्ये एक खोट होती. नाव जोडत असे, पण काढत नसे.

त्यांच्याबरोबर बाजारातून चालणं म्हणजे पुढाऱ्याबरोबर चालणं. पाऊल टाकलं की हाक. "सर, सांबार ताजा आहे!" भाजीवाल्या काकू ओरडत. सांबार म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर. कधीकाळी सरांनी सांगितलं होतं, ती ताजी आली की आवाज द्या. त्यानंतर सरांनी सांबार घेणं बंद केलं, पण काकूंचा आवाज बंद झाला नाही. "सर, गर्दी नाही, येऊन जा!" हे न्हाव्याच्या दुकानातून, केस तर मागच्याच आठवड्यात कापलेले. "सर, तुमच्या मापाची चप्पल आली!" असे सगळ्यांना हात करत, मान हलवत सर चालत. वर्गात मात्र टेबलावर हात आपटून सांगत, "जोडलेलं सोडवत जा. नाहीतर काम संपते, पण हाका येत राहतात. मेमरी भरते आणि प्रोग्राम बसते."

मी एकदा म्हटलं, "सर, मग तुमी काहून नाही सोडवत? निदान मेडशीची हाक तरी बंद करा. गजूभाऊचा घसा बसून राह्यला."

ते दुपट्टा झटकत म्हणाले, "ती राहू द्या ताई."

"जायचं नाही तर ऐकायची कायले?"

"गाडी आहे हे माहीत असलेलं बरं असते."

मेडशी हे त्यांचं गाव. तिथं त्यांचे मोठे भाऊ होते, दादा. भाजीपाल्याचा मळा होता. एवढं सगळ्यांना माहीत होतं. न जाण्याचं कारण कुणाला माहीत नव्हतं, आणि मला ते कळलं ते पुन्हा प्लायवूडच्या कृपेनं.

एका दुपारी पलीकडे सर म्हणत होते, "समजा, दोन भाऊ आहेत."

त्यांच्या उदाहरणांत नळ असत, चहा असे, म्हशी असत. भाऊ पहिल्यांदाच आले होते. मी हात वर केला. माझ्या वर्गातली सगळी बोटं कीबोर्डवर थांबली. टायपिंगचा वर्ग इतका शांत मी आयुष्यात ऐकला नाही.

"तुमी सगळे खेड्यातले. आवतन कसं असते, सांगा."

पोरांनी सांगितलं. आमच्याकडे कार्यक्रम असला की आधी घरोघरी माणूस जाऊन आवतन देतो. पुष्कळदा चूलबंद आवतन असतं, म्हणजे त्या दिवशी त्या घरानं चूल पेटवायचीच नाही, सगळ्यांनी कार्यक्रमातच जेवायचं. पण आवतन आलं म्हणून कुणी उठून जात नाही. आंघोळ करून, धुतलेले कपडे घालून घरातच बसायचं. मग पंगत मांडली की माणूस दुसऱ्यांदा येतो आणि दारातून हाक मारतो, "चला जेवाले." त्या दुसऱ्या हाकेवर उठायचं. तिच्याआधी जो जाऊन बसला, तो हावरट. पोटात कावळे ओरडोत, दम धरून बसायचं.

"बरोबर," सर म्हणाले. "आवतन म्हणजे नाव जोडणं. दुसरी हाक म्हणजे इव्हेंट. आता ऐका. मोठ्या भावाले पोरगी झाली. बारसं ठरलं. लहाना भाऊ त्याच गावात, पण वेगळ्या खोलीत राहे, मास्तरकी करे. त्याच्याकडं चूलबंद आवतन आलं. तो नवीन शर्ट घालून बसला. पाळण्यासाठी त्यानं घुंगराची दोरी आणली होती, ती हातात. समोरच्या घराले हाक आली. बाजूच्या घराले आली. सगळी गल्ली जेवून, हात पुसत परत आली. त्याच्या दारात कोणी आलं नाही. दिवस मावळला."

एका पोरानं विचारलं, "मंग तो गेला काहून नाही सर? सख्खा भाऊच ना?"

सरांनी मार्करचं टोपण लावलं, ते मला ऐकू आलं. मग म्हणाले, "इव्हेंट ज्याचा असते, त्यालेच तो उठवता येते. बाहेरचा माणूस नाव जोडू शकते, काढू शकते. हाक मारू शकत नाही. सी शार्प भाषेतच तसा नियम आहे. लिहून घ्या."

पोरांनी लिहून घेतलं. मी लिहून घेतलं नाही. माझ्या लक्षात आलं, की हा माणूस बारशाच्या दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं मालेगावला आला आणि तेव्हापासून त्या हाकेसाठी तयार होऊन बसला आहे. मेडशीची गाडी लागली की गॅलरीत येऊन पाहतो, कारण हाक आलीच तर गाडी कुठं आहे ते माहीत असावं.

ते मी त्यांना कधी बोलून दाखवलं नाही. मी चावट आहे, पण आंधळी नाही.

आणि मग एका उन्हाळ्यात, बारसं झालेल्या त्याच पुतणीचं लग्न निघालं. पूनम तिचं नाव. अमरावतीला कॉलेजात शिकली होती. पत्रिका मोबाईलवर आली, ती सरांनी पाहून बाजूला ठेवली. मग एक दिवस मेडशीहून एक दूरचा चुलत भाऊ मोटरसायकलवर आला, जिना चढून वर आला, आणि दारातच म्हणाला, "दादानं चूलबंद आवतन सांगितलं आहे. रविवारी."

सरांनी त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं. मग विचारलं, "आणि हाक?"

"कायची हाक?"

"पंगत बसल्यावरची. ती कोण मारणार?"

तो हसायलाच लागला. "काय सर! मेडशीहून मालेगावले हाक माराले कोण येईन? आणि दादा तं म्हणते, घरच्या माणसाले कायले लागते बोलावणं?"

सरांनी फक्त "बरं" म्हटलं. तो गेल्यावर फळ्यावर काहीच नव्हतं, तरी सर दुपट्ट्यानं फळा पुसत राहिले.

रविवारी मी मुद्दाम इन्स्टिट्यूट उघडली. सुटीच्या दिवशी कोण टायपिंग करतं! पण मला घरी बसवेना. सर माझ्या आधी आलेले. इस्तरी केलेला पांढरा शर्ट, कोरा दुपट्टा, टेबलावर फोन, फोनशेजारी पिशवीत पूनमसाठी घेतलेली साडी. वर्गात पोरं नाहीत, आणि हे फळ्याकडे तोंड करून बसलेले.

गजूभाऊंनी चहा पाठवला. तो सरांनी परत केला. गजूभाऊ स्वतः वर आले. "काहून सर? चहात काय पडलं?"

"चूलबंद आहे आज."

"चूल तुमच्या घरची बंद. माहा तं स्टोव्ह आहे, तोही टपरीचा!"

"तरी."

सकाळची गाडी लागली. गजूभाऊ खाली जाऊन ओरडले. सर गॅलरीत आले, हात वर केला, आत गेले. दुसरी लागली. तेच. ऊन डोक्यावर आलं. मी खुर्चीतून उठले, बसले, पुन्हा उठले. बारसं चुकलं ते चुकलं. आज लग्न चुकलं तर पोरगी सासरी निघून जाईल आणि या दोन भावांमध्ये हाक मारायला निमित्तसुद्धा उरणार नाही. मी पर्समधून फोन काढला. "सर, द्या दादांचा नंबर. मी इचारते, पंगत बसली का."

"ताई, नळाकडं पाहाले जाऊ नका."

गजूभाऊंना दम धरवेना. ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "मी करू का फोन? आवाज बदलून? 'दादा बोलून राह्यलो' म्हणतो."

हे ते कुजबुजले. म्हणजे अर्ध्या बसस्थानकानं ऐकलं. आतून सर म्हणाले, "गजूभाऊ, बाहेरून नाही उठवता येत तो."

"काय नाही उठवता येत?"

"इव्हेंट."

गजूभाऊ माझ्याकडे पाहून कळवळून म्हणाले, "ताई, यायले उपासानं चक्कर तं नाही आली?"

तिसरी गाडी लागली. गजूभाऊ या वेळी खाली गेले नाहीत, गॅलरीतूनच सांगितलं, तेही हळू. "सर, मेडशी लागली आहे. यानंतरची संध्याकाळी आहे." सर उठले, गाडीकडे पाहिलं. हात मात्र वर केला नाही. गाडीचं इंजिन सुरू झालं.

आणि टेबलावरचा फोन वाजला.

सर फोन नेहमी स्पीकरवर टाकून टेबलावरच ठेवत. कानाला लावला की माणूस फार जवळ येतो म्हणत. त्यामुळे आम्ही तिघांनीही ऐकलं. मागं बँड, भांड्यांचा खणखणाट आणि त्यातून एका पोरीचा आवाज.

"काका, पूनम बोलून राह्यली. पंगत मांडली. चला जेवाले."

सर बसले. दुपट्टा नीट केला. मग म्हणाले, "तुले दादानं सांगितलं फोन कराले?"

"नाही. बाबा म्हणते घरच्या माणसाले कायले बोलावणं. सकाळपासून फाट्याकडं पाहून राह्यले, पण फोन काही करत नाहीत."

"मंग बेटा, हाक त्याची पाहिजे. ज्याचा कार्यक्रम, त्यानं..."

"काका, लग्न कोणाचं आहे?"

सर साडीच्या पिशवीकडे पाहू लागले.

"माहं आहे ना? कार्यक्रम माहा, मंग हाक मीच मारीन. आणि बारसं कोणाचं होतं? तेही माहंच होतं. तवा मी पाळण्यात होती काका, मले बोलता येत नव्हतं. आता येते. चला जेवाले."

गजूभाऊंनी तोंड दुसरीकडे केलं. मी डोळे पुसायला काही शोधत होते आणि हाताला सरांच्या कोऱ्या दुपट्ट्याचं टोक लागलं, ते मी वापरून टाकलं. सर उभे राहिले. शिकवताना एखाद्या पोरानं त्यांच्यापेक्षा चांगलं उत्तर दिलं की त्यांचा चेहरा जसा होई, तसा झाला होता.

"येतो," ते फोनला म्हणाले. "ताई, चला. तुमीही."

"मला कुठं आवतन आहे?"

"चूलबंद आहे. मधात प्लायवूड आहे म्हणून काय चुली दोन झाल्या?"

आम्ही जिना उतरतो न उतरतो तोच गाडी फाटकातून बाहेर पडू लागली. तेव्हा गजूभाऊंनी जे केलं, ते मालेगाव अजून विसरलेलं नाही. ते धावत जाऊन गाडीपुढे दोन्ही हात पसरून उभे राहिले आणि आयुष्यभराचा आवाज लावून ओरडले, "थांबव बे! आज सर येऊन राह्यले!"

ड्रायव्हरनं करकचून ब्रेक मारला. "कोणते सर?"

कंडक्टरनं खिडकीतून डोकं काढलं, वर गॅलरीकडे पाहिलं. गॅलरी रिकामी. मग खाली पाहिलं. "अरे, ते गॅलरीवाले! रोज हात दाखवतात ते! ते चढून राह्यले?"

सगळी गाडी खिडक्यांना लोंबकळली. सर चढले तेव्हा कुणीतरी टाळ्यासुद्धा वाजवल्या. सरांनी सवयीनं हात वर केला.

मेडशीला मांडवात पंगत बसलेली होती. एका टोकाला फेटा बांधून दादा उभे. सरांसारखेच उंच, सरांसारखंच वरचं बटण लावलेलं. मला वाटलं आता काहीतरी नाटक होणार, मिठ्या, रडारड. मी चांगली जागा धरून उभी राहिले.

दादा म्हणाले, "उशीर केला."

सर म्हणाले, "हाक आत्ता आली."

"मी नाही मारली."

"माहीत आहे."

"बस."

झालं. एवढंच. दोघं शेजारी बसले. ताटं आली तेव्हा कळलं, की दादाही सकाळपासून जेवले नव्हते. माझ्याकडे वळून, सरांकडे न पाहता, ते म्हणाले, "बाई, तुमीच सांगा. बारशाच्या दिवशी मीच माणसाले म्हटलं होतं, त्याच्या दारात जाऊ नको. सख्ख्या भावाले हाक मारणं म्हणजे त्याले गावातल्या परक्या पाहुण्यात मोजणं. तो आपला येईन. त्याचं ताट झाकून ठेवलं. दिवस मावळला, मीही जेवलो नाही. त्याले वाटलं मी परका केला, मले वाटलं त्यानं परका केला."

सर वरणात भाकर चुरत होते. पुरेशी बारीक झाली होती, तरी चुरत होते. मला त्यांच्या वर्गात शोभेल असा एक प्रश्न सुचला, की एक नाव जोडून बसला आहे आणि दुसराही नाव जोडून बसला आहे, तर हाक कोण मारणार? हा प्रश्न त्यांनी पोरांना कधी घातला नव्हता. माझी खात्री आहे, त्याचं उत्तर त्यांनाही येत नव्हतं. दोघंही ऐकणारेच असू शकतात, हे त्यांच्या मनातच आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी गजूभाऊंनी विचारलं, "सर, आता मेडशीची हाक बंद करू का?" सरांनी विचार केला आणि म्हणाले, "आता तं खरं काम पडन."

पडलं. दर रविवारी सर त्या गाडीत दिसू लागले. मग पोरं मोबाईलवरच शिकू लागली, क्लास ओस पडला, आणि एका दिवाळीनंतर सर फळा, दुपट्टा आणि दोन कॉम्प्युटर घेऊन मेडशीला राहायलाच गेले. प्लायवूड मी काढून टाकलं. खोली मोठी झाली, पण कान रिकामे झाले. गजूभाऊ अजून कधी कधी चुकून ओरडतात. मग गॅलरीत जाऊन मीच हात वर करते. कुणीतरी करायला हवा.

मागच्या हिवाळ्यात मळ्यात रोडग्यांचा कार्यक्रम होता. सरांनी आठवण ठेवून माणसाकरवी आवतन धाडलं. मी गेले. आणि ज्यांच्याकडून शिकले त्यांच्याच घरी आले आहे म्हणून शिस्तीनं लिंबाच्या झाडाखाली बाजेवर बसले. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेल्या रोडग्यांचा, म्हणजे कणकेच्या जाड गोळ्यांचा, आणि वांग्याच्या भाजीचा वास येत होता. मी मान ताठ ठेवली. दुसऱ्या हाकेशिवाय उठायचं नाही. माणसं जेवायला गेली. माणसं जेवून आली. कुणी दात कोरत माझ्या शेजारी बसलं, कुणी माझ्यासमोर ढेकर दिला. माझ्या पोटात बँड वाजत होता.

शेवटी सर स्वतः शोधत आले. केस पांढरे झालेले, दुपट्ट्यावर शाईऐवजी हळद.

"ताई! इथं काय करून राह्यल्या?"

"हाकेची वाट पाहून राह्यली!" मी कडाडले. "आवतन दिलं, नाव जोडलं, आणि पुढं? एवढे दिवस भिंतीपलीकडून मला काय शिकवलं?"

सरांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी एखादा अगदी सोपा प्रश्न चुकवला आहे.

"घरच्या माणसाले कायले लागते बोलावणं?"

आणि मला घेऊन ते मळ्यातल्या झोपडीत गेले. कोपऱ्यात दोन ताटं झाकून ठेवलेली होती. एक माझं. दुसरं त्यांचं.